पाणी सुटलंय का, ते आधी विचारा

श्रावण लागला की आमच्या पुसदच्या घरातला फोन वाजू लागतो. पुण्याची नणंद, ठाण्याचा भाचा, नागपूरची मैत्रीण. सगळ्यांनी मोबाइलवर पैनगंगेवरच्या सहस्रकुंड धबधब्याची कुठली तरी रील पाहिलेली असते आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "शनिवारी येऊ का?" खुशाल या, आमचं दार उघडंच आहे. पण पैनगंगा तुमच्या सुट्ट्या पाहून वाहत नाही, हे प्रत्येकाला फोनवर किती वेळा समजावायचं? म्हणून हे एकदाच लिहून ठेवते.

आधी थोडा भूगोल. आमची पूस नदी वाशिमकडून येते, पुसदला वळसा घालते आणि महागाव तालुक्यात हिवरा संगमला पैनगंगेला मिळते. पैनगंगा त्याहून लांबून, बुलढाण्याकडच्या अजिंठा डोंगररांगेतून निघते आणि चंद्रपूर जिल्ह्यात वढ्याला वर्धेला मिळते. मधल्या पट्ट्यात तिचा उत्तर काठ विदर्भाचा, दक्षिण काठ मराठवाड्याचा. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, तेव्हापासून १९४७ पर्यंत नदीच्या अलीकडे इंग्रजांचा कारभार आणि पलीकडे निजामाचा, असा मामला होता. पलीकडचं किनवट-माहूर तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं. माहूरच्या पायऱ्यांवर आजही तेलुगू बोलणारे भाविक एवढ्या संख्येने का दिसतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे. आता कामाच्या गोष्टी.

१. बसच्या वेळा नंतर पाहा, आधी धरणाची बातमी वाचा

पुसदहून शेंबाळपिंपरीच्या वाटेने गेलं की पैनगंगेवरचं इसापूर धरण लागतं. ते ऐंशीच्या दशकात उभं राहिलं आणि खालच्या नदीचं वागणंच बदललं. वरून येणारं पाणी आधी तिथे अडतं, मग कालव्यांनी हिंगोली-नांदेडकडे जातं. धरणाच्या खाली नदीला पाणी येतं ते दोन वाटांनी. एक तर खालच्या पट्ट्यातले नाले, ओढे, आमची पूस, हिंगोलीकडची कयाधू भरून आली पाहिजे, नाही तर धरणाचे दरवाजे उघडले पाहिजेत. त्यामुळे पुसदला ऊन पडलेलं असतं, वर बुलढाणा-वाशिमला दोन दिवस झड लागलेली असते, धरण आधीच काठोकाठ असतं, दरवाजे उघडतात आणि उमरखेड-हदगावकडची काठावरची सोयाबीन पाण्याखाली जाते. उलटही होतं. पुसदच्या रस्त्यांवर गुडघाभर पाणी असतं, पाहुणे हरखून निघतात आणि सहस्रकुंडावर पाहतात तर दोन धारा आणि बाकी सगळा काळा खडक.

हे काही आमच्याच नदीचं वैशिष्ट्य नाही. सहाराच्या कडेला टिंबक्टू हे जुनं व्यापारी शहर आहे, त्याच्याजवळून नायजर नदी जाते. तिथे नदी भरते डिसेंबर-जानेवारीत, आभाळात ढगाचा मागमूस नसताना. पाऊस पडलेला असतो कितीतरी आधी, शेकडो कोस दूर गिनीच्या डोंगराळ भागात, आणि ते पाणी मधल्या दलदलींतून रमतगमत वाळवंटापर्यंत पोचायला महिने लागतात. तिथे जाणारा शहाणा प्रवासी पावसाची चौकशी करत नाही, नावा कुठवर चालतायत ते विचारतो. आमच्याकडे त्या जागी प्रश्न आहे, "पाणी सुटलंय का?"

तो कुणाला विचारायचा? स्थानिक पेपरात पावसाळाभर इसापूरचा साठा किती टक्के झाला ते येतं. नव्वदीच्या पुढे गेला की दरवाज्यांची बातमी आज ना उद्या येणार हे समजा. दुसरा मार्ग म्हणजे उमरखेडच्या बसस्थानकाजवळ चहाच्या टपरीवर थांबा. "पाणी सुटलं काय जी?" एवढं विचारलंत की पुढची माहिती आपोआप मिळते. "सुटलं तं हाय, पन आज नोका जाऊ, उद्या उतरते," असं कुणी म्हणालं तर ऐका. दरवाजे उघडलेल्या दिवशी जायचंच नाही. पाणी ओसरायला लागल्यानंतरचे दोन-तीन दिवस सगळ्यात चांगले.

साधारण ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरची सुरुवात हा काळ धरा. दिवाळीपर्यंत धार बारीक होते. फेब्रुवारीत डोह उरतात. मे महिन्यात पात्रात वाळू असते आणि काठावरची गावं, धरणातलं पाणी नदीत सोडा म्हणून निवेदनं देत असतात.

२. रपट्यावरून पाणी जात असेल तर गाडी बंद करून चहा प्या

ओढ्या-नाल्यांवरच्या ठेंगण्या पुलाला आम्ही रपटा म्हणतो. पलीकडे मराठवाड्यात त्यालाच फरशी म्हणतील. नाव काहीही असो, त्याला कठडा नसतो, असलाच तर मोडका असतो. वरून गढूळ पाणी वाहत असताना खाली रस्ता शाबूत आहे की खचलाय, हे गाडीत बसून कुणालाही कळत नाही.

२८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी बस वाहून गेली. माणसं दगावली. तो काही आडरानातला रस्ता नव्हता, रोजच्या वर्दळीचा होता. २२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं, लोकांना काढायला हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. हे सांगून कुणाला घाबरवायचं नाही, पण शहरातून येणाऱ्यांना नाला म्हणजे गटाराएवढा काही तरी प्रकार वाटतो, म्हणून सांगावं लागतं.

नाल्याचं एक बरं असतं, तो जसा चढतो तसा उतरतो. वरचा पाऊस थांबला की तास-दोन तासांत रपटा उघडा पडतो. तेवढा वेळ काढायची तयारी ठेवा. पलीकडून एखादा ट्रॅक्टरवाला पाण्यातून आरामात येताना दिसेल आणि तुमच्या ड्रायव्हरला स्फुरण चढेल. ट्रॅक्टरचं मागचं चाक माणसाच्या छातीएवढं असतं, तुमच्या गाडीचं नसतं, एवढंच त्याला दाखवा. नदीचा पूर मात्र तासांत उतरत नाही. पलीकडे जायचंच असेल तर मोठ्या पुलांचे रस्ते धरा: उमरखेडहून हदगावकडे जाताना मार्लेगावचा, माहूरला जाताना धनोड्याचा. फेरा पडतो, पडू द्या. आणि पोलिसांनी तिथेही दोरी बांधलेली असेल तर मुकाट्याने गाडी वळवा.

३. सहस्रकुंडाचे काठ दोन आहेत

धबधबा एकच, पण पाहायचे रस्ते दोन. आमच्या बाजूने उमरखेड, ढाणकी, बिटरगाव करत मुरलीला उतरायचं. पलीकडच्या बाजूने इस्लापूरवरून यायचं. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर तर सहस्रकुंड नावाचं स्टेशनच आहे. मंदिर, दुकानं, गर्दी पलीकडच्या काठावर जास्त. आमच्या काठावर सोयी कमी, शांतता जास्त. म्हातारी माणसं, लहान मुलं बरोबर असतील तर मी नि:संकोच पलीकडचा काठ सांगते. विदर्भाचा अभिमान वगैरे गुडघेदुखीपुढे चालत नाही.

धबधब्याची उंची पाहून काही जण नाक मुरडतात. चिखलदरा किंवा आंबोली पाहिलेल्यांनी इथे उंची शोधूच नये. पाहायचा तो खडक. नदीचं रुंद पात्र सपाट काळ्या कातळावर येतं आणि तो कातळ जागोजागी चिरला गेलाय. प्रत्येक चिरेतून वेगळी धार पडते. जवळून पाहिलंत तर खडकात रांजणासारखे गोल खळगे दिसतील, काही हाताच्या ओंजळीएवढे, काहींत माणूस उभा राहील. पुराच्या पाण्याबरोबर आलेले गोटे एकाच जागी गरगर फिरत राहतात आणि वर्षानुवर्षांत कातळ कोरून काढतात. पाणी कमी असताना या खळग्यांच्या तळाशी ते गोटे अजून पडलेले असतात. हात घालून एक उचलून पाहा, लोण्यासारखा गुळगुळीत लागतो.

पण हे सगळं कोरड्या खडकावरून. ओल्या कातळावर शेवाळ असतं आणि ते काळ्यावर काळं असल्यामुळे दिसत नाही. चपला, सॅंडल गाडीत ठेवा आणि पकड असलेले बूट घाला. फोटोसाठी मागे मागे सरकणाऱ्या माणसाच्या मागे कायम एक जण उभा करा. आणि वरून पाणी सोडल्याचा भोंगा ऐकू येईल, कुणी तरी ओरडून सांगेल, या भरवशावर पात्राच्या मध्यावर जाऊन डबे उघडू नका.

४. बंदी भागात अंधार पडायच्या आत बाहेर या

उमरखेड तालुक्यातल्या पैनगंगा अभयारण्याच्या पट्ट्याला इकडे सगळे बंदी भाग म्हणतात. सागाचं जंगल, अधूनमधून पळस आणि मोह, आत आंध, गोंड, बंजारा वस्त्यांची गावं. सहस्रकुंडाला आमच्या बाजूने जाताना याच पट्ट्यातून जावं लागतं. रस्ते अरुंद आहेत, मोबाइलला रेंज कधी असते कधी नसते. पेट्रोल उमरखेडलाच भरून घ्या.

जनावर म्हणाल तर वाघाची आशा धरून येऊ नका, ती हौस टिपेश्वरला पुरी होईल. इथे संध्याकाळी रस्त्यात आडवा येतो तो रोही, ज्याला तुमच्याकडे नीलगाय म्हणतात. अंगाने घोड्याएवढा, आणि दिव्यांचा झोत पडला की पळायचं सोडून जागीच उभा राहतो. चालत्या गाडीवर रोही आदळला तर दोघांचंही काही खरं नसतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलांच्या दिवसांत अस्वलांचा वावर वाढतो, तेव्हा पहाटे मोहाखाली फिरायची हौस करू नका. जंगलात शिरायचं असेल तर वनखात्याची परवानगी रीतसर घ्या, वाटेतल्या पायवाटा आपल्या मनाने धरू नका.

आणखी एक, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. उन्हाळ्यात या गावांतून गेलात तर कुणाच्या दारात पाणी मागू नका. मागितलंत तर ते देतील, तांब्याभर नाही, घागरभर देतील, त्यासाठी तर मागायचं नाही. ते पाणी घरातल्या बाईने किंवा पोरीने विहिरीवर रांग लावून, पात्रात झिरा उकरून आणलेलं असतं. आपल्या गाडीत वीस लिटरचा कॅन ठेवायला काही जड जात नाही. परतताना कॅन भरलेला उरला असेल तर शेवटच्या गावात कुणाला तरी देऊन या.

५. माहूरला एक पूर्ण दिवस द्या, आणि तो दिवस कॅलेंडर पाहून निवडा

पुसदहून धनोड्याचा पूल ओलांडला की घाट सुरू होतो आणि वर माहूर. रेणुकामातेचं हे ठाणं महाराष्ट्राच्या साडेतीन पीठांतलं एक. शिवाय दत्तशिखर, अनसूयामातेचं मंदिर, रामगड किल्ला, पांडवलेणी. लोक रेणुकेचं दर्शन घेतात, तांबूल घेतात आणि दोन तासांत परततात. मला ते पटत नाही.

नवरात्रात आणि रक्षाबंधनाच्या पौर्णिमेला मात्र नवख्याने येऊ नये. त्या पौर्णिमेला गडाची परिक्रमा असते. गावोगावचे लोक रात्रभर पावसात, चिखलात डोंगरवाटांनी चालतात. त्यात चालायचं ठरवून आलात तर गोष्ट वेगळी, तो अनुभव दुसरीकडे मिळणार नाही. पण गाडी घेऊन नुसतं दर्शनाला आलात तर दिवस घाटातच जाईल. नवरात्रात खासगी गाड्या खालीच अडवतात आणि वर एसटीने जावं लागतं. श्रावणातला किंवा मार्गशीर्षातला मंगळवार-शुक्रवार सोडून एखादा साधा वार धरा. दत्तजयंतीचा आठवडा तेवढा टाळा.

क्रम असा ठेवा: सकाळी लवकर आधी दत्तशिखर आणि अनसूयामाता, कारण उन्हं चढल्यावर तिथल्या चढणीला सावली नाही. मग रेणुका. दुपारी जेवून किल्ला. संध्याकाळी उतरताना पांडवलेणी, ती गावालगतच आहेत. दगडात कोरलेली मोठी दालनं, आत वटवाघळांचा वास, तेव्हा नाकाला रुमाल असू द्या. किल्ल्यावर बरीच पडझड आहे, गवत कमरेएवढं वाढतं, बांबूची काठी हातात घेऊन चाला. गोंड, बहामनी, इमादशाही, मुघल असे बरेच मालक या गडाने पाहिले. १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडला तेव्हा त्याच्या फौजेबरोबर असलेली रायबागन या माहूरच्या देशमुख घराण्यातली. शाळेतल्या पुस्तकात तिचं नाव येतं ते कोकणातल्या खिंडीपाशी. ती निघाली कुठून, हे इथे उभं राहिल्यावर कळतं. बरोबर शाळकरी मुलं असतील तर त्यांना हे तटावरच सांगा.

तांबूल घेताना बांधून ठेवलेल्या पुड्या घेऊ नका. पायऱ्यांच्या कडेला बायका-पुरुष खल घेऊन बसलेले असतात, त्यांना समोर कुटायला सांगा. विड्याची पानं, कात, सुपारी, बडीशेप, लवंग-वेलची सगळं खलात पडतं. आधी पानांचा चरचर आवाज येतो, सुपारीवर बत्ता पडला की टणटण होते, आणि हळूहळू सगळं एकजीव होऊन आवाज दबतो. दबला की तांबूल झाला. हिरवट-तांबडा ओलसर गोळा पानावर घालून देतात. तो त्याच दिवशी खायचा. पुण्याला नेऊन फ्रिजमध्ये ठेवलेला तांबूल मी खाल्लाय, त्याविषयी न बोललेलं बरं.

६. गहुली पाहा, पण तांड्यावर जत्रा पाहायला आल्यासारखे जाऊ नका

पुसद तालुक्यातलं गहुली हे वसंतराव नाईकांचं जन्मगाव. १ जुलै १९१३ चा त्यांचा जन्म, म्हणून तो दिवस राज्यात कृषी दिन. १९६३ ते १९७५ इतका सलग काळ ते मुख्यमंत्री होते. पुढे त्यांचे पुतणे सुधाकरराव १९९१ ते १९९३ मुख्यमंत्री झाले. जलसंधारणाचं स्वतंत्र खातं त्यांच्याच काळातलं, आणि १० मे हा त्यांचा स्मृतिदिन जलसंधारण दिन म्हणून पाळतात. मे महिन्यात कोरड्या पैनगंगेचं पात्र पाहून गहुलीला गेलात की सुधाकररावांना पाण्याचंच एवढं का पडलं होतं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

बंजारा समाजाची काशी म्हणतात ती पोहरादेवी पुसदहून फार लांब नाही, वाशिमच्या मानोरा तालुक्यात आहे. तिथे सेवालाल महाराजांचं स्थान आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं. फेटिया-कांचळी, आरशांचं भरतकाम, दागिने मन भरून पाहायचे असतील तर त्या संग्रहालयात पाहा. तांड्यावर एखादी म्हातारी तो पोशाख घालून ओट्यावर बसलेली दिसली म्हणून कॅमेरा काढू नका. "जय सेवालाल, याडी" (याडी म्हणजे आई) म्हणा, चार शब्द बोला, तिने "बेस" म्हटलं तर बसा. फोटोचं मग तीच काढते. एकदा आमच्या पाहुण्यांना अशाच एका याडीने दम दिला होता, "माझा काढला तं मले पाठव, नुसता घेऊन पळू नोको." तिच्या नातवाच्या मोबाइलवर तो तिथल्या तिथे पाठवावा लागला.

७. खाण्याचं

सकाळी पुसद-उमरखेडला पोहे नाही तर आलूबोंडा, नदी ओलांडली की चुरमुऱ्यांचा सुशीला. दुपारच्या जेवणाला ढाब्यावर पनीर मागवू नका. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत किंवा झुणका आणि ठेचा मिळेल तिथे थांबा. तिखट कमी सांगितलंत तरी ते कमी होत नाही, दही मागवून ठेवा. सहस्रकुंडापाशी पावसाळ्यात भाजलेली कणसं मिळतात, जेवण मिळेलच असं नाही, म्हणून शिदोरी बरोबर हवी. रोख पैसेही हवेत; रेंज नसली की क्यूआर कोड नुसता भिंतीवरचा कागद.

८. उनकेश्वर

किनवट तालुक्यात पैनगंगेकाठी गरम पाण्याचे झरे आहेत. पाण्याला गंधकाचा वास येतो. त्वचेच्या दुखण्यांवर गुण येतो असं म्हणतात, आणि लांबून लांबून लोक येतात. आंघोळ करा, अंग मोकळं होतं. पण डॉक्टरांचं औषध त्या दिवसापासून बंद करू नका, आणि उघडी जखम असेल तर कुंडात उतरू नका. थंडीत सकाळी गेलात तर जास्त बरं.

९. यायचं कसं, जायचं कसं

वर्ध्याहून यवतमाळ, पुसदमार्गे नांदेडला जाणाऱ्या रेल्वेचं काम सुरू आहे. वर्धा ते कळंब गाडी २०२४ मध्ये सुरू झाली. आमच्याकडे शिट्टी ऐकू येईपर्यंत वाशिम, अकोला किंवा नांदेडला उतरून पुढे बस, हाच मार्ग. नागपूरहून येत असाल तर यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड हा राष्ट्रीय महामार्ग चांगला आहे, पण पुसद त्यावर नाही, आत वळावं लागतं. वाशिमकडून आलात तर खंडाळ्याचा घाट उतरावा लागतो. पावसाळ्यात तो हिरवागार असतो आणि वळणांवर ट्रकही असतात. घाटात फोटोसाठी गाडी कडेला लावायची तर वळण संपल्यावर लावा.

एसटीने फिरणार असाल तर पोचल्या पोचल्या परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ स्थानकाच्या चौकशी खिडकीत विचारून घ्या. बंदी भागातून शेवटची गाडी लवकर सुटते. ती चुकली तर ढाणकीपर्यंत काळी-पिवळीला हात करा. तीही भेटली नाही तर मला फोन करा, मात्र संध्याकाळी सातच्या आत. त्यानंतर रोह्यांच्या रस्त्यावर गाडी काढायला आमच्या घरचं कुणी तयार होत नाही.